मेदिना ते डूलोस: कांद्याच्या बोटीचं क्रूझ जहाज

मालवाहू जहाजाचं आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचं धरतात. त्यानंतर ते भंगारात जातं आणि कुणाला त्याचं फारसं वाईटही वाटत नाही. बांधणाऱ्यांनी हिशेबच तेवढा धरलेला असतो. ‘मेदिना’ नावाची एक बोट मात्र १९१४ साली पाण्यात उतरली आणि २००९ संपेपर्यंत चालत राहिली. पंच्याण्णव वर्षं. एवढ्या काळात तिनं कांदे वाहिले, यात्रेकरू वाहिले, देश सोडून निघालेली माणसं वाहिली, सुट्टी घालवायला आलेले हौशी प्रवासी वाहिले आणि शेवटची बत्तीस वर्षं पुस्तकं. तिची नावं बदलली, मालक बदलले, इंजिनं बदलली. खालचं लोखंड तेवढं तेच राहिलं.

तिची गोष्ट सहसा वयाच्या कौतुकानं सांगितली जाते. टायटॅनिकपेक्षा फक्त दोन वर्षांनी लहान, वगैरे. मला त्यापेक्षा तिच्या रूपांतराचा हिशेब जास्त बोलका वाटतो: दर वेळी काय ठेवलं, काय फेकलं, नवं काय भरलं, आणि त्या वेळचा नियम काय म्हणत होता. कारण १९४८ नंतर जे आत भरलं गेलं त्यानंच तिला आणखी साठ वर्षं मिळवून दिली, आणि त्यानंच तिच्या मुदतीची तारीखही ठरवून टाकली.

कारखाना आणि कांदे

मेदिना बांधली गेली अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या न्यूपोर्ट न्यूजच्या कारखान्यात. त्याचा संस्थापक कॉलिस हंटिंग्टन हा मूळचा रेल्वेवाला. त्याचं एक वाक्य कारखान्यानं पुढे दगडावरच कोरून ठेवलं. त्याचा मतलब असा: आम्ही इथे चांगली जहाजं बांधू; जमलं तर नफ्यात, नाहीच जमलं तर तोट्यात, पण चांगलीच. अशी वाक्यं कोरायला काय जातं, असं म्हणावंसं वाटतं खरं. पण याच कारखान्यानं बांधलेली आणि त्याच १९१४ साली नौदलात दाखल झालेली ‘टेक्सास’ ही युद्धनौका आजही शाबूत आहे. तेव्हा हंटिंग्टनच्या बाजूनं निदान दोन साक्षीदार आहेत.

मेदिनाची मालक होती मॅलरी कंपनी. न्यूयॉर्क आणि टेक्सासची बंदरं यांच्यामध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यालगत तिच्या बोटी चालत. नावामुळे अरबस्तानातली मदिना आठवते, पण इथे मेदिना म्हणजे टेक्सासमधली नदी. बोट १३० मीटर लांब, पाच हजार चारशे टनांच्या आसपासची, पोटात वाफेचं इंजिन. टेक्सासचे कांदे आणि बाकी शेतमाल उत्तरेला न्यायचा, उत्तरेचा पक्का माल दक्षिणेला आणायचा. कामात काही नवलाई नव्हती. एस.टी.ची लाल गाडी जशी ठरल्या रस्त्यानं येते-जाते, तशी ही तीसएक वर्षं येत-जात राहिली. मधल्या काळात कोळसा जाऊन बॉयलरला तेल आलं आणि दोन महायुद्धं होऊन गेली. दोन्हीतून ती तरली. या तीस-पस्तीस वर्षांबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही, आणि मालवाहू बोटीसाठी ही चांगलीच गोष्ट म्हणायची.

तिच्या जन्मवर्षाकडे मात्र जरा थांबून बघायला हवं. ऑगस्ट १९१४ मध्ये ती पाण्यात उतरली. त्याच महिन्यात पनामा कालवा खुला झाला आणि युरोपात महायुद्ध पेटलं. त्याच वर्षीच्या जानेवारीत लंडनमध्ये १३ देशांनी एका करारावर सह्या केल्या होत्या. टायटॅनिक बुडाल्यानंतर समुद्रावरच्या माणसांचा जीव कसा वाचवायचा, याचे नियम ठरवणारा तो पहिला करार. जहाजवाले त्याला ‘सोलास’ म्हणतात. युद्धामुळे तो पहिला करार अंमलात आलाच नाही. १९२९, १९४८, १९६० आणि १९७४ साली तो नव्यानं लिहिला गेला. मेदिना आणि सोलास एकाच वर्षाचे. तेव्हा दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता; कांद्यांसाठी लाइफबोटी लागत नाहीत.

रिव्हेट

बोट एवढी टिकली कशी, याचं एक उत्तर तिच्या कातडीत आहे. १९१४ साली जहाजाचे पत्रे वेल्डिंगनं जोडत नसत. एका पत्र्याची कड दुसऱ्यावर चढवायची, दोन्हीला भोकं पाडायची आणि त्यांतून तापवून लाल केलेला रिव्हेट, म्हणजे डोकं असलेला जाड लोखंडी खिळा, घालायचा. हे चौघांचं काम. एक जण भट्टीवर रिव्हेट तापवतो. दुसरा तो चिमट्यानं उचलून भोकात बसवतो. तिसरा आतल्या बाजूनं त्याच्या डोक्याला जड लोखंड टेकवून उभा राहतो, आणि चौथा बाहेरून ठोकून दुसरं डोकं तयार करतो. रिव्हेट गार होताना आकसतो आणि दोन्ही पत्रे एकमेकांवर आवळून धरतो. एका जहाजात असे लाखो रिव्हेट. रंगाचे कितीही थर चढले, तरी अशा बोटीच्या अंगावर ती गोल डोकी ओळीनं दिसत राहतात, फणसाच्या सालीसारखी.

या पद्धतीत लोखंड जास्त लागतं, बोट जड होते, वेळही जातो. पण तिचा एक फायदा दुसऱ्या महायुद्धात वेल्डिंगची जहाजं आल्यावर लोकांच्या लक्षात आला. जानेवारी १९४३ मध्ये ‘स्केनेक्टडी’ नावाचा नवाकोरा टँकर पोर्टलंडच्या धक्क्याला बांधलेला असताना, ना वादळ ना वारा, मधोमध दुभंगला. थंडीत ठिसूळ झालेल्या पोलादात एक चीर सुरू झाली, आणि सगळी कातडी वेल्डिंगनं एकसंध असल्यामुळे तिला थांबायला जागाच मिळाली नाही. रिव्हेटच्या बोटीत चीर बहुधा त्या पत्र्याच्या कडेपाशी थबकते. पुढचा पत्रा वेगळा असतो.

त्यात पत्रेही त्या काळी जाड वापरत. पोलादाचा नेमका अंदाज नसला की माणूस हात सैल सोडतो. गंज दर वर्षी थोडं थोडं खातोच, पण मुळात शिल्लक जास्त असली तर खायला वर्षंही जास्त लागतात. पुढच्या प्रत्येक मालकानं मेदिना घेतली ती असल्या शिलकीच्या जोरावर.

१९४८: वखारीचा झोपायचा हॉल

दुसरं महायुद्ध संपल्यावर मॅलरीसारख्या किनारी कंपन्यांचा धंदा रेल्वे आणि ट्रकनं खाल्ला. अमेरिकेकडे युद्धात बांधलेली नवी मालवाहू जहाजं ढिगानं पडून होती आणि १९४६ च्या कायद्यानं ती स्वस्तात विकली जात होती. ३४ वर्षांच्या बोटीला मालासाठी कोण विचारणार?

माणसांसाठी मात्र विचारणारे होते. युद्धात प्रवासी जहाजं बुडाली होती, उरलेली सैन्यं घरी नेण्यात गुंतली होती, आणि इकडे युरोपात लाखो माणसं बाहेर पडायला निघाली होती. निर्वासित होते, कामाच्या शोधातले होते. इटलीतून दक्षिण अमेरिकेला जाणाऱ्यांचा तर पूर लागला होता. नवं प्रवासी जहाज बांधायला वर्षं लागतात. तरंगणारं कुठलंही मोठं भांडं मिळालं तर त्यात माणसं बसवता येतात. १९४८ साली पनामात नोंदलेल्या एका कंपनीनं मेदिना विकत घेतली, नाव ठेवलं ‘रोमा’, आणि इटलीत नेऊन तिचं प्रवासी जहाज केलं. केबिनमध्ये २८७ माणसं आणि सामायिक झोपायच्या हॉलमध्ये ६९४.

हे आकडे जरा नीट वाचू. दर दहातली सात माणसं हॉलमध्ये. म्हणजे जिथे कांद्याच्या गोण्यांची थप्पी लागायची, तिथेच आता एकावर एक पलंग. मालवाहू बोटीत दोन डेकच्या मधली जागा मोठी, सलग आणि अंधारी असते. माल उजेड मागत नाही, हवा थोडी मागतो, आणि उलटी तर करतच नाही. माणसं आली की बाजूच्या पत्र्याला गोल खिडक्यांची भोकं पाडायची, प्रत्येक भोकाभोवती जादा पट्टी लावून पत्र्याची गेलेली ताकद भरून काढायची, हवेचे नळ फिरवायचे, संडास, न्हाणी, स्वयंपाकघर, दवाखाना उभा करायचा. अगदी कंजूषपणे माणशी दिवसाला वीस लिटर पाणी धरलं तरी ९८१ प्रवाशांना रोज वीस टन लागतं. दहा दिवसांच्या फेरीला दोनशे. कांद्यांना पाण्याची टाकी नव्हती.

सगळ्यात गमतीचा प्रश्न वजनाचा. गमतीचा म्हणजे आपल्याला. तिथल्या इंजिनिअरला नक्कीच नाही. मालवाहू बोट हजारो टन माल तळाशी घेऊन चालावी अशी बेतलेली असते. त्या मालामुळे ती पाण्यात खोल बसते आणि स्थिर राहते. आता तिच्यात ९८१ माणसं घाला. माणशी सत्तर किलो धरले तरी सगळ्यांचं मिळून वजन सत्तर टनांच्या आत. गोदामाच्या दृष्टीनं बोट रिकामीच! वर या माणसांना बसायला-जेवायला डेकवर नवे मजले चढवायचे, त्यांच्याही वर लाइफबोटी टांगायच्या. तळ हलका आणि डोकं जड अशी बोट लाटेवर कलली की परत यायला कुचराई करते. म्हणून अशा रूपांतरात तळाशी लोखंड, दगड किंवा काँक्रीट कायमचं भरतात, म्हणजे भाडं न देणारा माल आयुष्यभर वाहायचा. डेकवर किती मजले चढवता येतील हे शोभेपेक्षा या गणितानं ठरतं. रूपांतरित जहाजांची वरची बाजू पुष्कळदा ठेंगणी दिसते ती त्यामुळेच.

आणखी एक गंमत कागदावरची. पुढच्या आयुष्यात या बोटीची नोंद ६,८१८ टन अशी सापडते. सुरुवातीला होती ५,४२६. लांबी तर एक फूटही वाढली नव्हती. जहाजाच्या नोंदीतला हा टन वजनाचा नसून जागेचा असतो. जुन्या मापात १०० घनफूट बंद जागा म्हणजे एक टन. डेकवर खोल्या बांधल्या की जहाज ‘जड’ होतं.

आता नियमाकडे. आजचा सोलास स्पष्ट सांगतो की मालवाहू जहाज कितीही जुनं असो, ते प्रवासी केलं तर रूपांतराचं काम ज्या दिवशी सुरू झालं त्या दिवशी ते प्रवासी जहाज म्हणून नवं बांधलं, असं धरायचं. म्हणजे आजचे सगळे नियम लागू. १९४८ साली मात्र नवा सोलास नुकताच लिहून होत होता. तो अंमलात यायला नोव्हेंबर १९५२ उजाडला. रोमा त्या फटीतून आरामात आत आली. तिच्या केबिनी, जिने, भिंतीचे तक्ते हे सगळं त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे झालं, आणि तो रिवाज लाकडाचा होता.

१९५० हे कॅथलिकांचं पवित्र वर्ष. रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंना नेण्याचं काम या बोटीनं केलं. नाव त्या कामाला शोभणारंच होतं. पण मालकाचा हिशेब जमला नाही. दोन-तीन वर्षांत कंपनी डबघाईला आली आणि १९५२ मध्ये बोट लिलावात निघाली.

तेलाचे व्यापारी

लिलावात ती घेतली जिनोव्हाच्या कोस्टा कुटुंबानं. पेढीचं नाव ‘जाकोमो कोस्टा फू आंद्रेआ’. यातल्या ‘फू’चा अर्थ कैलासवासी, म्हणजे कै. आंद्रेआ यांचा मुलगा जाकोमो. हे मुळात ऑलिव्ह तेलाचे व्यापारी. तेल वाहायला म्हणून त्यांनी १९२४ साली ‘राव्हेन्ना’ हे पहिलं जहाज घेतलं होतं. माणसं वाहण्याचा धंदा त्यांनी सुरू केला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, तोही जुनी जहाजं घेऊन. जहाजांना घरातल्या माणसांची नावं द्यायची आणि पुढे आडनावाचं सी लावायचं, अशी पद्धत होती: आन्ना सी, आंद्रेआ सी, जोव्हान्ना सी. रोमाची झाली ‘फ्रांका सी’.

या कुटुंबाचं मला कौतुक वाटतं ते एका गोष्टीसाठी. जुनी बोट घेतली की रंग फासून ते थांबत नसत, आधी पोटात हात घालत. फ्रांका सीचं वाफेचं इंजिन काढून तिथे फियाटचं डिझेल इंजिन बसवलं. तेवढ्याच ताकदीला डिझेलला तेल खूप कमी लागतं, बॉयलर जातात, त्यांच्यापाशी राबणारी माणसं कमी होतात, आणि बोटीच्या ऐन मध्यावरची जागा मोकळी होते. मध्यावर हेलकावा सर्वांत कमी, म्हणजे प्रवाशासाठी तीच जागा सोन्याची. हे इंजिनही पुढे १९७० मध्ये काढून नवं फियाट बसवलं. ५६ वर्षांच्या बोटीत नवं इंजिन! त्या वयाला बहुतेक जहाजांचे खिळेसुद्धा वितळलेले असतात.

सुरुवातीला फ्रांका सी अटलांटिक ओलांडून दक्षिण अमेरिकेकडे प्रवासी नेत असे. मग जेट विमानं आली. ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकवर जेटची नियमित सेवा सुरू झाली. अटलांटिक ओलांडणाऱ्यांत विमानाचे प्रवासी बोटीच्या प्रवाशांपेक्षा जास्त भरले ते याच वर्षी. मोठ्या दिमाखदार कंपन्यांना हा धक्का पचवायला दहा-पंधरा वर्षं लागली. कोस्टांनी १९५९ मध्येच फ्रांका सी नव्यानं सजवून निव्वळ सहलींना लावली: अमेरिकेहून निघून कॅरिबियन बेटं फिरून सात किंवा चौदा दिवसांत परत. कुठेतरी पोहोचण्यासाठी नव्हे, फिरण्यासाठीच असलेलं हे जगातलं पहिलं जहाज, असं कंपनी सांगते. ‘पहिलं’ हा शब्द जहाजांच्या इतिहासात फार स्वस्त आहे आणि वाद घालणारे घालतात. पण वर्षभर तेवढंच काम करणाऱ्या अगदी सुरुवातीच्या जहाजांत ती होती, एवढं नक्की. १९६८ च्या सुमारास कोस्टांनी आणखी एक युक्ती केली: प्रवाशांना विमानानं थेट पोर्तो रिकोच्या सान हुआनला आणायचं आणि तिथून फ्रांका सीवर चढवायचं. थंड पाण्यात जाणारे येण्या-जाण्याचे दिवस वाचले. ज्या विमानानं धंदा बुडवला त्यालाच हमाल करून टाकलं.

बोट लहान असण्याचा इथे फायदा झाला. आज सहा हजार टनांचं क्रूझ जहाज म्हणजे मोठ्या क्रूझ जहाजाशेजारी होडी वाटेल. पण त्या काळी बेटांवरची बंदरं छोटी, धक्के आखूड. मोठी जहाजं बाहेर नांगर टाकून प्रवाशांना पडावातून किनाऱ्यावर पाठवत; लहान बोट बंदरात शिरू शके. शिवाय पाच-सहाशे प्रवासी मिळाले की ती भरे. नव्या धंद्यात गिऱ्हाईक किती येईल ठाऊक नसताना ही मोठी सोय.

कोस्टांनी ही सवय सोडलीच नाही. सत्तरच्या दशकात ‘पोर्ट मेलबर्न’ आणि ‘पोर्ट सिडनी’ या १९५५ सालच्या दोन ब्रिटिश मालवाहू बोटी ग्रीसमध्ये सोलून काढून त्यांची ‘दानाए’ आणि ‘डाफ्ने’ ही क्रूझ जहाजं झाली, आणि पुढे दोन्ही कोस्टांकडे आली. नव्वदीत ‘आक्सेल जॉन्सन’ आणि ‘ॲनी जॉन्सन’ या कंटेनर जहाजांची ‘कोस्टा मरीना’ आणि ‘कोस्टा आलेग्रा’ झाली. यातल्या आलेग्राला फेब्रुवारी २०१२ मध्ये सेशेल्सजवळ जनरेटरच्या खोलीत आग लागली, वीज गेली, आणि हजारावर माणसं असलेलं ते जहाज एका फ्रेंच मासेमारी बोटीनं ओढून बंदरात आणलं. सगळे सुखरूप.

आग

आगीचा विषय निघालाच आहे. कोस्टांच्याच ‘बियांका सी’ला ऑक्टोबर १९६१ मध्ये ग्रेनाडाच्या बंदराबाहेर इंजिनरूममध्ये स्फोट होऊन आग लागली. बेटावरचे लोक मिळतील त्या होड्या घेऊन धावले आणि सातशेच्या आसपास माणसं उतरवली. चार वर्षांनी, नोव्हेंबर १९६५ मध्ये, मायामीहून नासाऊला निघालेली ‘यार्मथ कासल’ पेटली आणि ९० माणसं गेली. १९२७ ची बोट, आतून सगळं लाकूड, आणि लाकडावर चाळीस वर्षांच्या रंगाचे थर. अमेरिकेनं आपल्या बंदरांतून प्रवासी घेणाऱ्या जहाजांचे आगीचे नियम आवळायला त्यानंतर सुरुवात केली.

पोलादाचं जहाज पेटतं कसं, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. पोलाद पेटत नाही, सजावट पेटते. मालवाहू मेदिनात पेटण्यासारखा फक्त माल होता, आणि तो बंदरात उतरून जायचा. रोमा आणि फ्रांका सीत पेटण्यासारख्या भिंती, छतं, जिने आणि पलंग कायमचे बसले. त्यात वायरी नेण्यासाठी आणि छत छान दिसण्यासाठी ठेवलेली पोकळी. धूर तिथून पन्नास मीटर जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही. नवे नियम आले की जहाजवाले मोठ्यानं सांगत, की आमचं जहाज जुनं, त्याला जुने नियम. आणि बहुतेक वेळा ते खरंही असे. सोलास दर वेळी नव्या जहाजांवर कडक आणि जुन्यांवर मऊ राहिला. फ्रांका सी या मऊपणावर जगली, हे तिच्या चाहत्यांना आवडत नसलं तरी म्हणायला हवं.

पुस्तकं, म्हणजे पुन्हा माल

१९७७ मध्ये कोस्टांनी तिला विकलं. घेणारी जर्मनीतली एक ख्रिस्ती धर्मादाय संस्था, ‘गुटे ब्यूखर फ्यूर आले’. अर्थ, सर्वांसाठी चांगली पुस्तकं. बोटीचं नाव झालं ‘डूलोस’, ग्रीक भाषेत सेवक. बंदराला लागायचं, शिडी टाकायची, डेकवर पुस्तकांचं दुकान मांडायचं आणि गावाला आत बोलवायचं. शंभरहून जास्त देशांत ती गेली. पाहायला आलेल्यांची संख्या दोन कोटींच्या वर गेली. १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या झांबोआंगा बंदरात हातबॉम्बच्या हल्ल्यात बोटीवरच्या दोन स्वयंसेविका मारल्या गेल्या, तरी काम थांबलं नाही. धर्मप्रचाराबद्दल ज्याचं त्याचं मत असो. जहाजाच्या दृष्टीनं या मालकात दोन गोष्टी होत्या ज्या दुसऱ्या कुणाकडे नव्हत्या.

एक म्हणजे तळघर. पुस्तकांचे खोके जड असतात, आणि त्यांना ठेवायला मोठी, सलग, अंधारी जागा लागते. मेदिनाचं पोट त्यासाठीच तर बांधलं होतं. प्रवाशांच्या धंद्यात ओझं झालेला तो भाग तीसएक वर्षांनी पुन्हा मूळच्या कामाला लागला.

दुसरी म्हणजे माणसं. डूलोसवर पन्नासच्या आसपास देशांची साडेतीनशे माणसं राहत, आणि कॅप्टनपासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळे बिनपगारी. जुन्या जहाजाचा खरा खर्च पत्र्याचा नसतो, हातांचा असतो. गंज हातोडीनं टोचून काढायचा, घासायचा, लाल प्रायमर लावायचा, वर रंग. बोटीच्या या टोकाहून त्या टोकाला पोहोचेपर्यंत सुरुवातीच्या जागी पुन्हा गंज धरलेला असतो. पगार द्यायचा झाला तर हे काम कुठल्याही कंपनीला दहा वर्षांत नकोसं होईल. विशी-बाविशीतली मुलं ते बत्तीस वर्षं करत राहिली. गिनेस बुकानं तिची नोंद समुद्रावर चालू असलेलं जगातलं सर्वांत जुनं प्रवासी जहाज अशी केली. हा विक्रम न्यूपोर्ट न्यूजच्या रिव्हेटांइतकाच त्या मुलांच्या मनगटांचा आहे.

१ ऑक्टोबर २०१०

एप्रिल १९९० मध्ये ओस्लोहून डेन्मार्कला निघालेल्या ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या फेरीबोटीवर रात्री आग लागली आणि दीडशेहून जास्त माणसं मेली. बहुतेक जण धुरानं. भिंतीच्या तक्त्यांवरचा मुलामा जळून विषारी वायू निघाला होता. जुन्यांना सूट देण्याची परंपरा इथे मोडली. १९९२ च्या दुरुस्त्यांनी सांगितलं की जुन्या प्रवासी जहाजांनीही टप्प्याटप्प्यानं सुधारायचं: आधी धुराची सूचना देणारी यंत्रं, मग पाण्याचे फवारे, आणि शेवटी १ ऑक्टोबर २०१० पर्यंत आतलं बांधकाम १९७४ च्या सोलासच्या मापात बसलं पाहिजे. सोप्या भाषेत, जळणारं सामान बाहेर काढा.

दानाए ही तारीख ओलांडून २०१२ पर्यंत चालली. तीही मूळची मालवाहू. पण तिचं पोट सत्तरच्या दशकात, नव्या नियमांच्या सावलीत भरलं गेलं होतं. म्हणजे रूपांतरित जहाजाचं खरं वय मोजायचं तर कारखान्याची पाटी बघून भागत नाही. भिंती कधी उभ्या केल्या ते विचारावं लागतं. डूलोसच्या आत १९४८, १९५२, १९५९ आणि १९७० चे थर एकावर एक बसले होते. ते काढायचे म्हणजे बोट कवचापर्यंत सोलायची आणि पुन्हा भरायची.

शेवटी ती तारीखही गाठता आली नाही. २००९ च्या अखेरीस सिंगापूरला ड्राय डॉकमध्ये तपासणी झाली. प्रवासी प्रमाणपत्र पुढे चालू ठेवायला जे काम निघालं त्याचा खर्च संस्थेला पेलणारा नव्हता. रिव्हेटच्या बोटीची दुरुस्ती तशीही किचकट. गंजलेला पत्रा कापून नवा वेल्ड केला की त्या उष्णतेनं शेजारचे रिव्हेट ढिले पडतात, आणि रिव्हेट ठोकणारी चौकडी आता कुठल्याच गोदीत सहज मिळत नाही. संस्थेकडे ‘लोगोस होप’ ही दुसरी, फेरीबोटीची केलेली बोट तयार होतीच. पुस्तकं तिकडे गेली.

२०१० मध्ये सिंगापूरचे व्यावसायिक एरिक सॉ यांनी डूलोस विकत घेतली. भंगारवाले रांगेत असताना कुणी हॉटेलसाठी बोट घेतं, तेव्हा ती वर्षानुवर्षं एखाद्या खाडीत गंजत पडते आणि मग गुपचूप तोडली जाते. असे किती तरी दाखले आहेत. इथे मात्र तसं झालं नाही. इंडोनेशियाच्या बातामला दुरुस्ती करून बोट शेजारच्या बिंतान बेटावर आणली, समुद्रात भर घालून केलेल्या नांगराच्या आकाराच्या जमिनीवर चढवली, आणि २०१९ मध्ये तिथे ‘डूलोस फॉस’ नावाचं हॉटेल सुरू झालं. शंभरेक खोल्या.

आता तिला जहाजाची मजबुती तपासून वर्ग देणारी संस्था नको, प्रवासी प्रमाणपत्र नको, लाइफबोटी नकोत. ती इमारत आहे, आणि तिला इमारतीचे आगीचे नियम लागतात. खारा वारा तेवढा तोच आहे, त्यामुळे रंगाऱ्याची सुटका नाही.